चालता माग

१

सकाळी मला जाग यायची तेव्हा गल्लीतले माग सुरू झालेले असायचे. मागांमुळे जाग यायची, की जाग आल्यावर माग ऐकू यायचे? अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःला हे विचारायचो आणि मला मजा वाटायची. संख्याशास्त्राच्या नव्या प्राध्यापकाला असल्याच गोष्टींची मजा वाटते.

कोल्हापूरहून एम. एस्सी. होऊन मी सोलापुरात एका कॉलेजात लागलो होतो. कॉलेजजवळ चांगल्या खोल्या मिळत होत्या, पण मी मुद्दाम विणकरांच्या गल्लीत खोली घेतली. शिकलेल्या माणसाने शिकलेल्यांतच राहायचं असेल तर शिकायचं कशाला, असं मला वाटायचं. आजही वाटतं.

खोली नरसय्या विणकराच्या घराला लागून होती. मधे एकच भिंत, आणि तीही छतापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर फट. त्या फटीतून गल्लीभर सुताला लावतात त्या खळीचा आंबूस वास यायचा, राजव्वाचं, म्हणजे नरसय्याच्या बायकोचं, तेलुगूतलं बोलणं यायचं आणि मागाचा आवाज यायचा. गल्लीत घरोघरी हातमाग होते. ऐकून ऐकून मला एकेका मागाची चाल ओळखता यायला लागली. कोपऱ्यावरचा घाईत असायचा. समोरचा लंगडायचा.

एके दिवशी दाढी करता करता माझा हात थांबला. गल्लीतले सगळे माग मधूनमधून थांबत होते. थांबणारच. धोट्यातली कांडी संपते, सूत तुटतं, विणकर पाणी पितो, दारात कोणी आलं तर दोन शब्द बोलतो. भिंतीपलीकडचा माग थांबत नव्हता. खट्-खट्. खट्-खट्. मी मुद्दाम ऐकत राहिलो. तोंडावरचा साबण वाळला. कॉलेजला गेलो, चार तास घेतले, परत आलो, कुलूप काढलं. खट्-खट्.

नरसय्या उंबऱ्यावर बनियनवर बसला होता.

"काय हो, तुमचा माग कधी थांबत नाही का?" मी हसत विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या घरातल्या कोणाच्या तरी नावाने बोटं मोडली होती.

"थांबंल कशाला सर?" तो म्हणाला. "दिवेलागणीला असं बोलू नये की."

२

त्याच महिन्यात मी आईला होटगीहून घेऊन आलो. वडील रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यापासून ती तिथे एकटीच होती आणि तिचा दमा वाढला होता. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ ऐकली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की हृदयही थकलंय, जपा.

आईची खाट मी त्या मधल्या भिंतीला लावली. दुसरीकडे जागाच नव्हती. मला वाटलं होतं, आवाजाने तिला त्रास होईल. उलटंच झालं. होटगीला रात्र रात्र उशीला टेकून बसणारी आई इथे पहिल्या दिवसापासून झोपायला लागली.

"हितं बरं वाटतंय बग, भीमा," ती म्हणाली. "त्यो आवाज लई ग्वाड हाय. कुनीतरी पाटीवरनं हात फिरवतंय असं वाटतंय."

एका दुपारी ती झोपली होती आणि मी पेपर तपासत होतो. तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजायची, तिची मला सवय झाली होती. पण त्या दुपारी माझ्या लक्षात आलं की शिट्टी मागाबरोबर वाजतेय. एका खट्‌ला श्वास आत. दुसऱ्या खट्‌ला बाहेर.

मी पेन्सिल ठेवली. यात विशेष काही नव्हतं. शरीर लयीला लागतं. पाळण्यात मूल झोपतं ते यामुळेच. मी टेबलावर बोटाने वेगळा ताल धरला, मोठ्याने, चांगला वेळ. आईच्या श्वासाने तिकडे लक्ष दिलं नाही. तो मागाबरोबरच चालला होता.

मग पलीकडे माग जरासा रेंगाळला. थांबला नाही, नुसता रेंगाळला, चढावर बैल रेंगाळतो तसा. आईची शिट्टी अर्ध्यात अडकली. तिचा जबडा खाली आला. माग परत लयीत आला आणि श्वास सुटला.

माझ्या हातातला पेपर चुरगळला होता. पेपर कोणा मुलाचा होता. मी तो सरळ करून त्याला दोन मार्क जास्त दिले.

३

दुसऱ्या दिवशी वर्गात सहसंबंध होता. मला हा विषय शिकवायला फार आवडायचा, कारण माझ्या मते या देशातलं निम्मं दुःख हा एक धडा न शिकल्यामुळे आहे. मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं. सून घरात आली आणि सासरा गेला. दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या, की आपण पहिलीला धरून मारायला निघतो.

"उन्हाळ्यात रसवंतीवर गर्दी वाढते," मी म्हणालो. "त्याच दिवसांत सिव्हिलमध्ये ऊन लागलेले रोगी वाढतात. रसाचा खप चढला की रोगी चढतात, उतरला की उतरतात. म्हणजे उसाच्या रसाने ऊन लागतं का?"

"लागतंय की सर," मागच्या बाकावरून आवाज आला, "बरफ न्हाई घातला की!"

वर्ग हसला.

"दोन्हींच्या मागे तिसरंच कारण आहे. कोणतं?"

"ऊन!" सगळे ओरडले. सोलापुरात हे उत्तर कोणालाही येतं.

चन्नप्पा नावाचा अक्कलकोटचा एक मुलगा होता. हुशार, पण जळूसारखा चिकट. तो उभा राहिला. "सर, नुसतं बघून कारण कळत न्हाई म्हणताय. मग कळायचं कसं?"

"हात घालून. रसवंती बंद करायची आणि रोगी कमी होतात का ते बघायचं. एक गोष्ट आपण स्वतः बदलायची आणि दुसरी बदलते का ते पाहायचं. बघत बसणाऱ्याला कारण कधी सापडत नाही."

"आन् सर, रसामुळंच लोक जगत असले तर?"

"काय?"

"म्हंजे तुमी बंद केला, आन् त्येच्यावरच ती जगत हुती. मग?"

"मग तुला ते कळेल," मी म्हणालो. "खाली बस."

वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो.

घरी येताना मनात रसवंती नव्हती, भिंतीपलीकडचा माग होता. बघत बसणाऱ्याला कारण सापडत नाही, हे आत्ताच मी साठ पोरांना सांगितलं होतं आणि स्वतः महिनाभर भिंतीला कान लावून बसलो होतो. मी सरळ नरसय्याच्या दारात गेलो.

"आईसाठी साडी घ्यायची आहे," मी राजव्वाला सांगितलं. "मागावर काय चाललंय ते बघू का?"

ती जरा घुटमळली. मग बाजूला झाली.

४

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. कौलातल्या एका काचेतून उन्हाचा पट्टा येत होता आणि तो बरोबर मागावर पडला होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून एक बाई बसलेली. केस पांढरे, पण मान कोवळी. तिचं वय तीस असेल किंवा साठ, मला सांगता आलं नसतं. पाय खालच्या फळ्या दाबत होते, एक हात दोरी ओढत होता, दुसरा फणी ठोकत होता. खट्-खट्.

मी कापड बघायला वाकलो.

कापड नव्हतं. सूत नव्हतं. ताणा नाही, बाणा नाही, गुंडाळीच्या लाकडावर एक धागासुद्धा नाही. रिकामा धोटा इकडून तिकडे पळत होता आणि फणी मोकळ्या हवेला ठोकत होती. मी जिथे कापड असायला हवं तिथे हात घातला. हात आरपार गेला. बाईने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे काय विणतेय ही?"

"विणत नाय ती," राजव्वा म्हणाली आणि हसली. खरंच हसली, पाहुण्याला घरातलं कौतुक दाखवावं तशी. "सत्तव्वा हाय, माजी नणंद. ती आमाला जगवलालीय."

तेवढ्यात नरसय्या आला. मला तिथे बघून तो चिडला नाही. उलट त्याला बरं वाटलं असावं. त्याने जे सांगितलं ते असं.

त्या गल्लीत रीत होती, की कोणी गेलं की सगळ्यांनी माग थांबवायचे, आणि माती देऊन लोक परत येईपर्यंत हात लावायचा नाही. दुष्काळाच्या वर्षी गल्लीतल्या आडाचा तळ दिसला, गढूळ पाणी प्यायलं गेलं आणि घरागणिक मयत झाली. माग सुरू व्हायचा अवकाश, की पुन्हा कोणीतरी रडत बाहेर यायचं आणि माग थांबायचे. सत्तव्वा जन्माची बहिरी. एका मयतीला तिला कोणी सांगायचं राहून गेलं. सगळे माग थांबले, तिचा चालूच राहिला. शेजारचे शिव्या द्यायला आत शिरले, आणि शिव्या देता देता कोणाच्या तरी लक्षात आलं, की दुसऱ्या एका घरातल्या ज्या पोराची घटका भरली होती ते उठून बसलंय.

"त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कोण नाय मेलं, सर," नरसय्या म्हणाला. "सूत मिळंना झालं, तवा आमी म्हणालो, असू दे. रिकामाच चालू दे."

"दुसरं कोणी का बसत नाही? आलटून पालटून?"

"तिचाच थांबला नव्हता की. आमच्या हाताला गुण नाय."

"ही झोपते कधी?"

"झोपते की," राजव्वा म्हणाली. दोन ठोक्यांच्या मधे तिने सत्तव्वाच्या तोंडात आमटी-भाताचा घास घातला, सवयीने, तिच्याकडे न बघता. "पाय नाय झोपत."

मी खड्ड्यात पाहिलं. पाय सुजून गुडघ्यापर्यंत एकसारखे झाले होते. टाचांना भेगा, भेगांत काळं रक्त. फळ्यांवर पावलांच्या आकाराचे खळगे पडले होते. मागाच्या खांबाला चिंध्यांची वळलेली एक दोरी लोंबत होती.

"ही कशाला?"

"पयल्यांदा पयल्यांदा उठायची," नरसय्या म्हणाला. "बहिरीला काय समजावणार? मग बांधलं. आता नाय बांधत. आता उठतच नाय."

५

मी त्याला बाहेर ओढूनच नेलं.

"नरसय्या, नीट ऐका. माणूस मरतं म्हणून तुम्ही माग थांबवता. माग थांबला म्हणून माणूस मरत नाही. तुम्ही उलटं धरलंय. मयतीच्या घरात रडणं असतं. म्हणून रडणं बंद केलं तर मेलेला उठून बसेल का?"

त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मी कबूल करतो.

"नसंल बसत," तो म्हणाला. "पण सर, कोण बघितलंय रडणं बंद करून?"

"अहो, त्याच सुमाराला गल्लीत नळ आला ना? आडाचं पाणी बंद झालं. म्हणून मरणं थांबली. नळाने वाचवलंत तुम्हाला, आणि तुम्ही सख्ख्या बहिणीला घाण्याला जुंपल्यासारखं जुंपलंय."

"नळानं?" नरसय्याने समोर बोट केलं. "मग ते बघा."

समोरच्या घराच्या ओट्यावर बालय्या नावाचा म्हातारा बाजेवर होता. मी रोज त्याच्या समोरून जायचो आणि रोज नजर वळवायचो. हाडांवर कातडं ठेवल्यासारखा. पाठीखाली फोड, त्यांवर माश्या. डोळे उघडे. त्याची सून त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती आणि ते कडेने बाहेर येत होतं.

"डॉक्टर म्हणाला होता, आठ दिवस," नरसय्या अभिमानाने म्हणाला. "दुष्काळाच्या वर्षी."

सुनेने आमच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर अभिमान नव्हता.

"म्हातारी माणसं चिवट असतात," मी म्हणालो.

"असतील की. तुमच्या घरात पण एक हाय, सर."

मला या बोलण्याचा राग आला. भीती वाटली असं कोणी म्हणेल; वाटली नाही, राग आला. एका बाईचा जीव फळ्यांवर झिजत होता आणि साठ-सत्तर धडधाकट माणसं तिच्या पायांवर निवांत जगत होती. आज डॉक्टर आणला तर पाय वाचणार होते. उद्या नाही. आणि डॉक्टरने हात लावायचा तर आधी पाय थांबायला हवे होते.

मी खोलीत आलो. आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती हळहळेल.

"बिचारी," ती म्हणाली. मग उशीवरची मान माझ्याकडे वळवली. "पर थांबवू नगंस, लेकरा."

"आई, तू पण?"

"मला कुटं काय कळतंय? त्येच्या नादावर डोळा लागतोय, एवढंच." ती खाटेची कड धरून होती. "तू शिकल्याला हायस. तुजं खरं आसंल. पर थांबवू नगंस."

शिकलेल्या मुलाला यापेक्षा जास्त डिवचता येत नाही.

६

रविवारी भर दुपारी मी गेलो. नरसय्या बाजारात गेला होता. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटारात बसली होती. राजव्वा दाराशी तांदूळ निवडत होती. मी तिला ओलांडून आत गेलो. तिला वाटलं, मी पुन्हा बघायला आलोय.

मी सत्तव्वाच्या समोर उकिडवा बसलो. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून हातांनी सांगितलं. थांब. पुरे. डॉक्टर. ती माझ्याकडे बघत होती, की माझ्यामागच्या भिंतीकडे, कळलं नाही. मग मी तिची मनगटं धरली. ती गरम होती आणि त्यांत काही वजन नव्हतं. तिने विरोध केला नाही. पाय अजून चालत होते. मी खड्ड्यात उतरलो आणि गुडघे धरून ठेवले.

माग थांबला.

मागे सुपातले तांदूळ सांडले. राजव्वा ओरडली नाही. तिने तोंडात पदर कोंबला.

शेजारच्या घरातला माग थांबला. रीतच ती; कधी न थांबणारा हा माग थांबला, म्हणजे मयत झाली असणार. मग त्यापलीकडचा. मग समोरचा लंगडा. कोपऱ्यावरचा घाईतला सगळ्यांत शेवटी. त्या गल्लीत राहायला आल्यापासून मी कधी शांतता ऐकली नव्हती. ती ऐकू येते हे मला माहीत नव्हतं.

आणि सत्तव्वाने मान वळवली.

आपल्याला मागून कोणी हाक मारली की आपण वळवतो, तशी. आधी थोडी. मग नीट, कान पुढे करून. जन्माची बहिरी बाई काहीतरी ऐकत होती. ती ज्या भिंतीकडे वळली होती ती मधली भिंत होती. माझ्या खोलीची.

तिच्या ओठांवर हसू आलं. पाहुणे फार दिवसांनी आले की येतं तसं.

"सर," राजव्वा पदरातून म्हणाली, "तुमची आई."

वरच्या फटीतून शिट्टी येत नव्हती.

मी धावलो. दोन दारं आणि मधला ओटा, एवढंच अंतर. आई पाठीवर होती, तोंड उघडं, डोळे कौलांना लागलेले. छाती हलत नव्हती. मी तिच्या नाकाशी हात धरला, गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. काही नाही. मग मला चादरीखाली हालचाल दिसली. पायांकडे. चादर एका बाजूला खाली जात होती आणि दुसऱ्या बाजूला वर येत होती. खाली. वर. महिनाभर जी बाई आधाराशिवाय उभी राहिली नव्हती तिचे पाय चादरीखाली फळ्या दाबत होते. आवाज न करता.

मी चादर ओढली नाही. तुम्ही ओढली असती?

मी परत धावलो. सत्तव्वा खड्ड्याच्या कडेला कलंडली होती. मी तिला बाजूला ढकललं. ती सुताच्या लडीसारखी घसरली. मी खड्ड्यात पाय सोडले, फळ्या दाबल्या, दोरी ओढली, फणी ठोकली. वेडंवाकडं, कसंही. खट्. खट्-खट्. त्या खळग्यांत माझे पाय बरोबर बसले.

फटीतून शिट्टी आली. आत. बाहेर.

त्यानंतर मी सत्तव्वाकडे पाहिलं. ती केव्हा गेली, मला माहीत नाही. मी तिचे पाय थांबवले म्हणून ती गेली, की ती जाणारच होती म्हणून पाय इतक्या सहज थांबले? मी ढकललं तेव्हा ती होती का? या तिन्हींत फरक आहे. तो दाखवणारी माझ्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती जमिनीवर पडली होती.

लोक जमले. कोणी मला मारायला धावलं असतं तर बरं झालं असतं. नरसय्या बाजारातून आला, बहिणीजवळ बसला, तिचे डोळे मिटले. मग उठून माझ्याकडे आला. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

"हळू, सर," तो म्हणाला. "जोर लावायचा नाय. एकच चाल धरायची."

मग त्याने खांबावरची चिंध्यांची दोरी सोडली.

"राहू द्या," मी म्हणालो. "त्याची गरज नाही."

दिवस मावळायच्या आत सत्तव्वाला नेलं. रीतीप्रमाणे गल्लीतले सगळे माग बंद होते. एक सोडून.

७

मी अजूनही सांगतो, मागाचा आणि मरणाचा संबंध नाही. आईला झटका आला, तो आपोआप ओसरला, त्याच वेळी मी मागावर बसलो. योगायोग. चादरीखालचं म्हणाल, तर मरणाच्या दारातल्या माणसाचे पाय झटके देतात, कोणत्याही डॉक्टरला विचारा. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवलंय.

कॉलेजने वाट पाहून माझ्या जागी दुसरा माणूस घेतला. राजव्वा चांगली बाई आहे. ती आईचं सगळं करते आणि मला भरवते. दोन ठोक्यांच्या मधे घास कसा गिळायचा ते जमायला वेळ लागला. झोपही येते. नरसय्या म्हणाला होता तसंच आहे, पाय झोपत नाहीत.

मधे चन्नप्पा येऊन गेला. परीक्षेतल्या शंका घेऊन आला होता. मी त्याला सहसंबंधाचं सगळं प्रकरण पुन्हा समजावलं, मागावरूनच. मला वाटतं इतकं चांगलं मी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. तो माझ्या पायांकडे बघत होता.

"सर, तुमचं म्हणणं, ह्येचा त्येचा काय संबंध न्हाई."

"नाही."

"मग थांबलात तर काय बिघडंल?"

"काही नाही."

"आन् एका उदाहरणानं कळत न्हाई म्हणताय, तर दुसऱ्यांदा करून बगा की."

मी फणी ठोकली. त्याने वह्या उचलल्या आणि मला नमस्कार करून गेला. परत आला नाही. हुशार मुलगा.

आई बरी होत नाही. सिव्हिलचे डॉक्टर एकदा घरी येऊन गेले, त्यांनी नाडी धरली, मान हलवली आणि फी घेतली नाही. पाठीखाली फोड झाले आहेत. राजव्वा केळीच्या पानावर झोपवते, तरी वास फटीतून येतो. पाणी पोटात राहत नाही. समोर बालय्याही तसाच आहे. उन्हाळा गेला, पाऊस झाला, थंडी पडली. गल्लीत कोणी मेलेलं नाही.

आता ती आवाज ग्वाड आहे म्हणत नाही. दुपारी गल्ली जेवायला बसली की फटीतून हाक येते. हळू, पण प्रत्येक शब्द ऐकू येतो, कारण तो बरोबर दोन ठोक्यांच्या मधे येतो.

"भीमा. थांबीव की रं."

मी फळी दाबतो.

"लई झालं, लेकरा. हाडं दुखत्यात. सोड मला. तेवडा पाय उचल."

मी तिला समजावतो. प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे. ती अडाणी आहे, तिचा दोष नाही. "आई," मी भिंतीला सांगतो, "माग थांबवून काही होत नसतं. तू उगाच मागाशी संबंध जोडतेस. एकाबरोबर दुसरं घडलं, म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं नसतं."

पलीकडे ती रडते. रडण्यालाही लय लागली आहे.

"न्हाई ना संबंद?" ती विचारते. "मग थांबीव."

खट्-खट्. खट्-खट्.